खांबावरचा नवा दिवा

दिवेलागण झाली, की गावात खांबावरचे दिवे लागतात. पूर्वी मोठ्या रस्त्यावरच्या दिव्यांचा उजेड पिवळा असे. आता तो चांदण्यासारखा पांढरा दिसतो. आपल्या जालना जिल्ह्यात भोकरदनकडे जा, की मंठ्याकडे जा, हे नवे दिवे नजरेस पडतात. त्यांना एलईडी दिवे म्हणतात.

हे दिवे एवढे भराभर का वाढले? त्यांनी गावाचा पैसा वाचतो, हे खरे का? आणि वाचलेला पैसा गावाजवळच राहावा म्हणून आपण काय करावे? या तीन गोष्टी आज आपण समजून घेऊ.

जुना दिवा आणि नवा दिवा

आपल्या वाडवडिलांच्या वेळी चावडीपुढे कंदील टांगलेला असे. मग वीज आली आणि काचेचा बल्ब आला. त्याच्यात एक बारीक तार असते. वीज गेली की तार तापते आणि तापली की उजेड पडतो. म्हणजे बरीचशी वीज उष्णतेतच जाते. दिवा कमी आणि चूल जास्त, असा तो प्रकार!

पुढे ट्यूबलाइट आल्या. मोठ्या रस्त्यांवर सोडियमचे पिवळे दिवे आले. ते बल्बापेक्षा बरे होते. पण त्यांना चोक लागे, आणि चोकही वीज खाई.

एलईडी दिव्यात तापणारी तार नाही. डाळीच्या दाण्याएवढे बारीक दाणे असतात. ते एका खास पदार्थाचे बनवलेले असतात. त्यांतून वीज गेली, की ते सरळ उजेडच देतात. थोडी उष्णता होते, पण ती बल्बापेक्षा पुष्कळच कमी.

असे तांबडे दाणे 1962 सालापासून होते. पण पांढऱ्या उजेडासाठी निळा दाणा हवा होता. तो काही जमेना. अखेर इसामू अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा या जपानमध्ये जन्मलेल्या तीन शास्त्रज्ञांनी तो साधला. त्याबद्दल त्यांना 2014 साली नोबेल पारितोषिक मिळाले. निळ्या दाण्यावर पिवळा लेप दिला, की उजेड पांढरा दिसतो.

एका गावाचा हिशेब

समजा, एका गावात 50 खांब आहेत. प्रत्येकावर जुनी ट्यूबलाइट आहे. चोक धरून एक ट्यूब सुमारे 55 वॅट वीज घेते. 50 ट्यूबांची झाली 2,750 वॅट. हजार वॅट वीज एक तास जळली, की एक युनिट होते. रात्रीचे 12 तास धरले, तर एका रात्रीला 33 युनिटे लागली.

आता त्या जागी 20 वॅटचे एलईडी दिवे लावले. 50 दिव्यांची झाली 1,000 वॅट. 12 तासांत 12 युनिटे. म्हणजे एका रात्रीत 21 युनिटे वाचली. महिन्याला वाचली 630. युनिटला 7 रुपये धरले, तर महिन्याला 4,410 रुपये वाचले. वर्षाला बावन्न हजारांवर!

हे दिवे का वाढले?

पहिले कारण हेच, विजेची बचत.

दुसरे कारण म्हणजे उतरलेली किंमत. सगळ्या गावाने मिळून बियाणे घेतले, तर दुकानदार भाव कमी करतो. तसेच येथे झाले. सरकारने घरच्या एलईडी बल्बांची एकत्र खरेदी केली. 2014 साली या खरेदीत एका बल्बाला तीनशेवर रुपये पडत. दोन-तीन वर्षांत तो भाव चाळीस रुपयांच्या आसपास आला. मागणी वाढली, कारखाने वाढले, तशी रस्त्यावरच्या दिव्यांचीही किंमत उतरली.

तिसरे कारण सरकारी योजना. 5 जानेवारी 2015 रोजी केंद्र सरकारने रस्त्यांवरचे जुने दिवे बदलण्याची योजना सुरू केली. तिच्यातून देशभर एक कोटी तीस लाखांवर एलईडी दिवे लागले.

चौथे कारण सूर्याची वीज. एलईडीला वीज थोडी लागते, म्हणून लहान पत्रा आणि लहान बॅटरी यांवरही तो रात्रभर चालतो. जेथे तारा नाहीत अशा वस्तीवर, तांड्यावर त्याचा उपयोग होतो. मात्र काही वर्षांनी बॅटरी बदलावी लागते. तिचे पैसे आधीच बाजूला ठेवले पाहिजेत.

बचत जाते कुठे?

गावची दिवाबत्ती हे ग्रामपंचायतीचे काम आहे. 1958 च्या ग्रामपंचायत कायद्यातच ते सांगितले आहे. त्यासाठी आपण घरपट्टीबरोबर दिवाबत्ती कर भरतो. बिल थकले तर काय होते, ते 2021 साली राज्यातल्या पुष्कळ गावांनी पाहिले. खांबांची वीज तोडली गेली आणि गल्ल्या अंधारात बुडाल्या. पावसाळ्यात साप-विंचू निघतात. बायाबापड्या, शिकणारी पोरे, कापूस वेचून उशिरा परतणारी माणसे, या साऱ्यांचा जीव त्या उजेडावर असतो.

आम्ही गावोगाव हिंडतो, तेव्हा एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. ऊन्ह डोक्यावर येते, तरी खांबावरचे दिवे चालूच! वरच्या हिशेबात हे घालून पाहा. दिवसाही दिवे जळले, तर 12 ची 24 युनिटे होतात. 21 युनिटांची बचत 9 वर येते. नवा दिवा आणला, पण बटण बंद करायला माणूस नाही, तर निम्म्याहून अधिक बचत गेलीच म्हणा ना!

आपण काय करावे?

दिवे लावणे-मालवणे हे काम एकाला नेमून द्यावे. नाहीतर आपोआप चालू-बंद होणारे घड्याळाचे बटण बसवावे.

दिवे घेताना नुसता भाव पाहू नये. भारतीय मानक ब्यूरोची खूण आहे का, किती वॅटचा आहे, हमी किती वर्षांची, हे पाहावे. दाब कमी-जास्त झाला, की स्वस्त दिव्याच्या आतले यंत्र जळते. चांगला दिवा 25,000 तासांवर चालतो. रोज 12 तास धरले, तर पाच वर्षांहून जास्त झाले. हमीचा कागद पंचायतीत जपून ठेवावा.

दिवा गेला तर स्वतः खांबावर चढू नये. ओल्या लोखंडी खांबाला हात लावू नये, पोरांनाही लावू देऊ नये. वायरमनला कळवावे.

आणि ग्रामसभेला जावे. दिव्यांचे बिल मागावे. त्यावर युनिटांचा आकडा असतो. मागच्या बिलाशी तो ताडून पाहावा. नवे दिवे लागूनही आकडा उतरला नसेल, तर "का हो, असं कसं?" असे सरळ विचारावे. आता आपल्याला वाचता येते. आकडेमोड येते. तिचा उपयोग गावासाठी करू या.