हद्द कुणाची?

सिन्नरच्या आमच्या गल्लीत दिवेलागणीला पोरांना घरात घेण्याचे एकच हुकमी साधन आयांपाशी होते. "पोरं पळवणारी बाई आली बरं!" एवढे म्हटले की विटीदांडू जागच्या जागी पडे. मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या बायकाही हात न थांबवता त्यात आपली भर घालीत. ती बाई चांगले पातळ नेसते, गोड बोलते, पेपरमिंट देते. पुढे आम्ही मोठे झालो आणि त्या बाईला हसू लागलो. आणि १९९६ साली नाशकात ती खरोखरच सापडली. एक नव्हे, तीन!

त्या तिघींकडे वळण्यापूर्वी माझी एक लहानशी हकिगत सांगतो. १९९३ च्या मे महिन्यात ताई, तिचा चार वर्षांचा मुलगा आणि मी एस.टी.ने प्रवासाला निघालो होतो. वाटेत एका मोठ्या स्टँडवर गाडी बदलायची होती. त्या गावाचे नाव सांगत नाही. अजूनही अधूनमधून मला तिथे उतरावे लागते. मी चौकशीच्या खिडकीशी, ताई ट्रंकेपाशी आणि भाचा कुठेच नाही! अर्धा तास दोघांनी स्टँड पालथा घातला. मग मी पोलीस ठाण्यात धावलो.

"गाव कोणतं?" अंमलदारांनी विचारले.

"सिन्नर."

"मग फिर्याद तिकडं द्या."

"अहो, पोरगं इथं हरवलंय!"

"इथं म्हणजे स्टँडात, का स्टँडाबाहेर? रस्त्याच्या पलीकडं आमची हद्द नाही. आणि तो गाडीतच राहिला नाही कशावरून? गाडी कुठल्या डेपोची?"

माणूस वाईट नव्हता. त्याने मला पाणी दिले, बसायला बाक दिले. फक्त समोरच्या वहीचे टोपण-पेन काही उघडले नाही. भाचा अखेर सापडला तो उसाच्या गुऱ्हाळात, चरकाच्या घुंगरांकडे टक लावून बसलेला. ते सांगायला गेलो तेव्हा अंमलदार मनापासून आनंदले आणि म्हणाले, "मिळालं ना पोरगं? मग आता कशाला लिहायचं?" म्हणजे मूल हरवले तेव्हा हद्द नव्हती, आणि सापडले तेव्हा गरज नव्हती. त्या दीड तासाची एक ओळही सरकारदरबारी उमटली नाही.

त्याच काळात अंजनाबाई गावित आणि तिच्या दोन मुली, रेणुका शिंदे व सीमा गावित, जत्रा, देवळे आणि स्टँड पालथे घालीत होत्या. धंदा पाकीटमारीचा आणि साखळ्या लांबवण्याचा. एकदा रेणुका चोरी करताना पकडली गेली. पण कडेवर मूल पाहून लोकांनी तिला सोडून दिले. त्या प्रसंगातून या कुटुंबाने जो धडा घेतला, तो लिहितानाही हात कचरतो. दुसऱ्यांची मुले पळवायची, चोरीच्या वेळी कडेवर ठेवायची आणि ती रडू लागली, आजारी पडली, जड झाली की संपवायची. कोल्हापुरात भिकारणीचे एक तान्हे मूल त्यांनी उचलले होते. महालक्ष्मीच्या देवळापाशी सीमा पाकीट मारताना सापडली, तेव्हा लोकांचे लक्ष उडवण्यासाठी अंजनाबाईने ते पोर जमिनीवर आपटले. लोक हळहळले आणि बायका निसटल्या. पुढे ते पोर थांबेना म्हणून त्याला मारण्यात आले.

हे १९९० पासून १९९६ पर्यंत चालले. सहा वर्षे! १३ मुले पळवल्याचा आणि ९ मारल्याचा आरोप पुढे ठेवला गेला. सर्वोच्च न्यायालयापर्यंत टिकले ते ५ खून.

आता विचारण्यासारखा प्रश्न असा, की त्या पकडल्या गेल्या कशा? कुणा चतुर फौजदाराने धागे जुळवले म्हणून नव्हे. अंजनाबाईच्या नवऱ्याने तिला सोडून दुसरे लग्न केले होते. त्या दुसऱ्या बायकोची एक मुलगी नाशकातून नाहीशी झाली, आणि या मायलेकी आता आपल्या दुसऱ्या मुलीवर टपल्या आहेत अशी तक्रार घेऊन ती आई पोलिसांकडे गेली. अटक झाली आणि एका मुलीच्या तपासातून बाकीची मुले बाहेर पडत गेली. रेणुकेचा नवरा किरण शिंदे माफीचा साक्षीदार झाला, तेव्हा कुठे साखळी जुळली. वैराने आंधळ्या झालेल्या या बायका घरातल्याच मुलीवर उठल्या नसत्या, तर आणखी किती वर्षे त्या आपल्या शेजारच्या बाकावर एस.टी.ची वाट पाहत बसल्या असत्या, कोण जाणे.

एकामागून एक खून करणारा माणूस फार हुशार असतो अशी आपली समजूत रहस्यकथांनी करून दिली आहे. या बायका काही हुशार नव्हत्या. त्यांना एवढेच सोयीचे होते, की एका गावात हरवलेल्या मुलाचा कागद आणि दुसऱ्या गावात सापडलेल्या बेवारस प्रेताचा कागद सहसा एकमेकांना भेटत नाहीत. इकडे 'मिसिंग'ची नोंद, तिकडे 'अकस्मात मृत्यू'ची. दोन्ही ठाण्यांच्या परीने काम पुरे! आणि मूल भिकारणीचे असले तर पहिला कागद जन्मालाच येत नाही. पोलिसांची बाजूही सांगितली पाहिजे. जत्रेच्या दिवशी ठाण्यातला प्रत्येक शिपाई बंदोबस्तावर असतो, आणि मुले हरवतात ती नेमकी त्याच दिवशी. शिवाय ठाण्यात दाखल गुन्ह्यांचा आकडा फुगला की वरून कानउघाडणी ठरलेली. मग न लिहिण्याकडे हात आपोआप वळतो.

कागद भेटला तर काय होते, तेही मुंबईने पाहिले आहे. १९६५-६६ साली पूर्व उपनगरांत रस्त्याकडेला झोपलेल्या १९ जणांवर हल्ले झाले, ९ मेले. रामन राघव नावाचा इसम संशयावरून हाती लागला होता. पण हल्ला करताना कुणी पाहिले नव्हते, म्हणून सुटला. १९६८ मध्ये झोपड्यांतून पुन्हा तेच सत्र सुरू झाले. रमाकांत कुलकर्णी यांच्याकडे तपास आला, आणि त्या ऑगस्टमध्ये ॲलेक्स फियालो या फौजदाराने रस्त्यात एका माणसाला ओळखले. कशावरून? जुन्या दप्तरातल्या फोटोवरून! दप्तर तेच, फोटो तोच. फक्त मधल्या दोन वर्षांत कित्येक जीव गेले. चाळीसवर खुनांची कबुली त्याने दिली.

साहेबाच्या देशात सगळे शिस्तीत चालते असे मानणाऱ्यांसाठी यॉर्कशायरची गोष्ट सांगतो. तिथे पीटर सटक्लिफने १९७५ ते १९८० मध्ये १३ बायका मारल्या. पोलिसांनी या गृहस्थाला नऊ वेळा भेटून विचारपूस केली होती! प्रत्येक भेटीचे कार्ड होते. कार्डांच्या वजनाने कचेरीची जमीन खचेल म्हणून तिला आधार द्यावा लागला. पण नऊ कार्डे एकत्र कुणी पाहिली नाहीत. सापडला तो १९८१ च्या जानेवारीत, मोटारीवर खोटा नंबर लावला म्हणून.

आणि कागद वेळेवर न लिहिल्याची फेड पुढे कोर्टातही करावी लागते. दिल्लीजवळच्या निठारीत गरिबांची मुले नाहीशी होत होती, आईबाप ठाण्याच्या पायऱ्या झिजवीत होते. २००६ च्या डिसेंबरात एका बंगल्यामागच्या नाल्यात सांगाडे निघाले. दोघांना फाशीच्या शिक्षा झाल्या. २०२३ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने तपासावर ताशेरे ओढून दोघांना सोडले, आणि २०२५ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने उरलेला शेवटचा खटलाही निकालात काढून आरोपीला मुक्त केले. सांगाडे मात्र खरे होते.

कायदा सुधारला, हे खरे. २०१३ पासून हरवलेल्या मुलाची फिर्याद अपहरण समजून नोंदवावी असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आहे, आणि २०२४ च्या जुलैपासून लागू झालेल्या नव्या संहितेप्रमाणे हद्द कुणाचीही असो, कोणत्याही ठाण्याने फिर्याद घेतलीच पाहिजे. माझ्या त्या अंमलदारांना आज पेन उघडावेच लागेल.

गावित प्रकरणाचा शेवटही कागदानेच केला. अंजनाबाई खटल्याआधीच तुरुंगात मेली. दोघी बहिणींना कोल्हापुरात २००१ साली फाशी सुनावली गेली, ती २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. मग दयेचा अर्ज कचेऱ्या-कचेऱ्यांतून साडेसात वर्षांहून अधिक काळ फिरत राहिला. तो फेटाळला गेला २०१४ मध्ये. आणि एवढ्या विलंबाबद्दल सरकारला दोष देऊन मुंबई उच्च न्यायालयाने २०२२ च्या जानेवारीत फाशीची जन्मठेप केली.

गुऱ्हाळातला तो भाचा आता मुसळगावच्या कारखान्यात नोकरीला आहे. गेल्या दिवाळीत आम्ही सगळे गोंदेश्वराला निघालो, तेव्हा तो आपल्या लेकीच्या मनगटावर बॉलपेनने फोन नंबर लिहीत बसला होता. मी म्हटले, "अरे, पोलिसांचा एकशे बारा लिही की. तीनच आकडे, पटकन होईल."

"मामा," तो मान वर न करता म्हणाला, "माझा नंबर दहा आकडी आहे, पण मी उचलतो."