दोन शब्दांची गाठ

सातवीच्या वर्गाला आम्ही ‘पावसाळ्यातील एक दिवस’ हा निबंध दिला. वह्या तपासायला घेतल्या, तर जवळपास प्रत्येक वहीत धरतीने हिरवा शालू नेसला होता. पुण्याच्या पूर्व भागातल्या दाटीवाटीच्या गल्ल्यांत राहणाऱ्या आमच्या मुलांनी तो शालू पाहिला कधी? त्यांच्या पावसात पत्र्यातून गळणाऱ्या पाण्याखाली ठेवलेले पातेले असते, न वाळलेला गणवेश असतो. ते एकाही वहीत नव्हते.

दोष मुलांचा नाही. घरात दखनी, मदरशात उर्दू, शाळेत मराठी. चूक होईल या भीतीने मूल गाईडमधले तयार वाक्य उचलते. चूक टळते, पण मूलही त्या वहीतून गायब होते.

मग आम्ही भाषा शिकवणाऱ्या शिक्षकांनी एक जुनी युक्ती काढली. जुनी म्हणजे किती? हजरत अमीर खुसरो (१२५३–१३२५) यांची आख्यायिका आपल्यापैकी अनेकांनी ऐकली असेल. तहानलेले खुसरो पाणवठ्यावर आले. पाणी भरणाऱ्या चौघींनी त्यांना ओळखले आणि अट घातली. एक म्हणाली खिरीवर कविता करा, दुसरी म्हणाली चरख्यावर, तिसरी कुत्र्यावर, चौथी ढोलावर. खुसरोंनी चारही बेमेल शब्द एकाच छोट्या रचनेत गुंफले आणि मग पाणी प्याले. अशा रचनांना ‘अनमेल’ म्हणतात.

इटलीचे बालसाहित्यिक जान्नी रोदारी स्वतः शिक्षक होते. १९७० मध्ये त्यांना हान्स अँडरसन पुरस्कार मिळाला. १९७३ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी हीच गोष्ट पद्धत म्हणून मांडली. एका मुलाने फळ्याच्या एका बाजूला शब्द लिहायचा, दुसऱ्याने न बघता मागच्या बाजूला. समजा ‘कुत्रा’ आणि ‘कपाट’ आले. आता त्यांना जोडायचे. मराठीत हे काम आपली विभक्ती करते: कुत्र्याचे कपाट, कपाटातला कुत्रा, कुत्र्यासाठी कपाट. प्रत्यय बदलला की गोष्ट बदलते. एरवी रटाळ वाटणारे व्याकरण मुलांना इथे कामाचे वाटते.

रोदारींची अट एकच: शब्द एकमेकांपासून दूरचे हवेत. ‘पाऊस’ आणि ‘छत्री’ दिले, तर पुन्हा तोच शालू येतो.

आम्ही वर्गात दोन डबे ठेवले. एकात घरातले शब्द, दुसऱ्यात रस्त्यावरचे. चार ओळींपुढे कधी न गेलेल्या एका मुलाला ‘दस्तरखान’ आणि ‘मीटर’ या चिठ्ठ्या आल्या. त्याने लिहिले की त्यांच्या दस्तरखानावर एक मीटर बसवला आहे. कोण किती वेळ बसले, ते तो दाखवतो. दादीचा आकडा सर्वांत मोठा, कारण ती जेवते कमी आणि बोलते जास्त. अब्बांचा आकडा शून्य, कारण ते रात्री रिक्षा चालवतात. शेवटी मुलगा गल्ला फोडतो आणि ते पैसे देऊन अब्बांची रिक्षा घरापर्यंत भाड्याने करतो.

शुद्धलेखनाच्या सतरा चुका होत्या. त्या दिवशी आम्ही लाल पेन उघडले नाही. चुका नंतर त्याच्याच शेजारी बसून दुरुस्त केल्या, आणि त्याने त्या आनंदाने केल्या, कारण गोष्ट त्याची होती.

पालकसभेला त्याचे अब्बा आले. वही दोनदा वाचली. मग हळूच विचारले, “ये इसने खुद लिख्या?”

परीक्षेत निबंधाची बांधणी लागते, हे आम्ही विसरलेलो नाही. पण बांधायला आधी सांगण्यासारखे काही हवे. हा खेळ ते देतो.

पालकांनो, घरी करून पाहा. रात्रीच्या जेवणानंतर सगळ्यांनी एकेक चिठ्ठी लिहा. दादी-नानींचे शब्दही घ्या: सरोता, पानदान, सुरमेदाणी. दोन चिठ्ठ्या उचला, दहा मिनिटे द्या. उर्दू, दखनी, मराठी, ज्या भाषेत सुचेल त्या भाषेत लिहू द्या. चुका लगेच काढू नका. आणि तुम्हीही लिहा. आपल्या मुलाच्या मनात काय चालले आहे, हे कदाचित थेट विचारून कळणार नाही. दोन चिठ्ठ्यांच्या मध्ये सापडेल.