टेप मुका झाला तर फ्यूजला चंदेरी कागद लावू नका



पेरणी, खत आणि बोंडअळी सोडून हा गृहस्थ आज ट्रॅक्टरवरच्या टेपबद्दल काय सांगत बसला, असे तुम्हांला वाटेल. पण दसरा झाला की आपल्या बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. धारूर, केज, वडवणी, पाटोदा, शिरूरकडची माणसे कोल्हापूर-सांगलीपासून थेट कर्नाटकातल्या कारखान्यांपर्यंत जातात. ट्रॉलीत भांडीकुंडी, धान्याची पोती आणि लेकरेबाळे असतात, आणि रात्रीच्या वाटेवर चालकाला सोबत असते ती टेपची. तो आता पेन ड्राइव्हवर आणि मोबाइलवर वाजतो, पण आपण त्याला टेपच म्हणतो.

एका वर्षी टोळी निघण्याच्या आदल्या दिवशी मी एका गावी गेलो होतो. ट्रॅक्टरवाल्या पोराचा टेप सुरूच होईना. दोन नवे फ्यूज उडाले, तेव्हा त्याने सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद फ्यूजला गुंडाळला. टेप वाजला, पोरगा खूश झाला. थोड्या वेळात बॉनेटखालून जळका वास आला. घाईने बॅटरीची तार काढून पाहिले, तर टेपची पिवळी तार पत्र्याच्या धारेवर घासून सोलली होती आणि वेष्टण वितळत होते. त्याची आई जवळच उभी होती. ती म्हणाली, "साहेब, वाटेत असं झालं असतं तर?" मी काय उत्तर देणार? रात्री, चालत्या ट्रॅक्टरला आग लागली असती.

फ्यूज उडतो तो आपल्याला त्रास द्यायला नव्हे. बांधावरचा राखणदार ओरडला तर आपण चोर शोधतो, राखणदाराचे तोंड बांधत नाही. म्हणून टेप सुरू होत नसेल तर पुढील क्रमाने पाहावे.

पहिली बॅटरी. हेडलाइट मंद लागत असतील तर दोष टेपचा नाही. बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी भुकटी साचली असेल तर तारा काढून टोके स्वच्छ करावीत व घट्ट आवळावीत. तार काढताना आधी वजा बाजूची काढावी, लावताना ती शेवटी लावावी. बॅटरी उलटी जोडली गेली तरी फ्यूज उडतो, हेही ध्यानात ठेवावे.

दुसरा फ्यूज. एक टेपच्या पाठीमागे असतो, दुसरा बहुधा बॅटरीकडून येणाऱ्या पिवळ्या तारेत. लाल रंगाचा चपटा फ्यूज 10 अँपिअरचा, निळा 15 चा. जितक्याचा असेल तितक्याचाच घालावा. नवाही उडाला तर तिसरा घालू नये, सोललेली तार शोधावी. पावसाळ्यात उभ्या ट्रॅक्टरच्या तारा उंदीरही कुरतडतात.

तिसऱ्या तारा. बहुतेक टेपला पिवळ्या तारेतून बॅटरीचा प्रवाह सदैव मिळतो, लाल तारेतून चावी फिरवल्यावर मिळतो, आणि काळी तार अर्थची असते. तरीही टेपवरचा कागद वाचून खात्री करावी. 12 व्होल्टच्या बल्बला दोन तारा जोडून चाचणी दिवा घरीच करता येतो. त्याची एक तार बॅटरीच्या वजा टोकाला लावून दुसरी पिवळीला लावावी, दिवा लागला पाहिजे. चावी फिरवून लालला लावावी, तेव्हाही लागला पाहिजे. लालवर लागत नसेल तर चावीच्या स्विचकडची जोडणी सुटलेली आहे.

चौथा अर्थ. आमच्या अनुभवात टेप मुका होण्याचे कारण पुष्कळदा इथेच सापडते. काळी तार रंगावर किंवा गंजावर आवळलेली असते, आणि धक्क्यांनी ढिली होते. दिव्याची एक तार बॅटरीच्या अधिक टोकाला व दुसरी टेपच्या काळ्या तारेला लावावी. दिवा मंद लागला तर बोल्टाखालचा रंग खरवडून तार पुन्हा आवळावी.

चारही ठिकाणी सारे ठीक असेल आणि तरी टेप मुकाच असेल, तर तो उघडून बसू नये, कारागिराकडे द्यावा. काही ट्रक 24 व्होल्टचे असतात, त्यांवर गाडीचा 12 व्होल्टचा टेप थेट जोडू नये. तो जळतो.

आणि हातात दिवा आहेच, तर ट्रॉलीचे मागचे दिवेही तपासा. अर्थ ढिला झाला की तेही असेच मुके होतात, फक्त ते कुणाला ऐकू येत नाही. अंधारात बिनदिव्याच्या ट्रॉलीला मागून धडक बसून आपली किती माणसे गेली, हे तुम्हांला मी सांगायला नको. ट्रॉलीच्या पाठीला लाल चकाकणारी पट्टी लावा. टेपचा आवाजही इतकाच ठेवा की मागच्याचा हॉर्न आणि ट्रॉलीतल्या माणसाची हाक चालकाला ऐकू यावी.

माऊलींनो, कोयता, तवा आणि पिठाची पिशवी तुम्ही मोजून घेता. या वर्षी त्यांत दोन फ्यूज आणि एक चाचणी दिवा घाला. निघण्याआधी चालकाला एकदा विचारा, "बाबा, मागचे दिवे लागतात का?" तो हो म्हणाला तरी खाली उतरून स्वतः पाहा. मगच लेकरांना ट्रॉलीत बसवा.