फाइल पोहोचली, अक्षर हरवले

कासारवाडीस एका स्नेह्याच्या दिवंगत वडिलांच्या आठवणींची फाइल आम्ही जुन्या विंडोज संगणकावरून लिनक्सच्या संगणकावर नेली. फाइल सुखरूप पोहोचली; उघडून पाहतो तो रोमन अक्षरांचा नि चिन्हांचा नुसता काला! मराठी शब्द म्हणून एक नाही.

श्रोतेहो, संगणक अक्षर साठवीत नाही, अंक साठवितो. जुन्या मराठी फाँटांत अक्षरांचे तुकडे रोमन अक्षरांच्या अंकांवर बसविलेले असत, आणि प्रत्येक फाँटकाराची मांडणी निराळी! तो फाँट जेथे नाही तेथे रोमन अक्षरेच दिसणार. मोडी न येणाऱ्याच्या हाती मोडी पत्र पडावे, तशी ही गत.

१९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली; तीत देवनागरीला स्वतःचे अंक मिळाले. तेथे ‘क’ म्हणजे २३२५, मग यंत्र विंडोजचे असो, मॅकचे वा लिनक्सचे. पण आमच्याकडे पुष्कळ वर्षे जुनेच फाँट चालले, त्याला काय करावे?

स्नेह्याचा जुना संगणक सुदैवाने भंगारात गेला नव्हता. त्यावर फाँटाचे नाव सापडले, तेव्हा कुठे मजकूर युनिकोडात आणता आला. रफार मात्र बरेच चुकले होते. ते आम्ही हाताने सुधारले.