पिल्लाचे पहिले सहा महिने: उत्साहाला वळण आणि आरोग्याला संरक्षण

घरात कुत्र्याचे पिल्लू आले की पहिला आठवडा कौतुकात जातो. त्यानंतर कुरतडलेल्या चपला, जागोजागी केलेली घाण, रात्रीचे रडणे आणि हातापायांवरचे दातांचे ओरखडे यांनी कुटुंब मेटाकुटीस येते. चपळ जातीचे पिल्लू असेल तर हा त्रास दुपटीने जाणवतो. अनेक पिल्ले याच काळात दुसऱ्याच्या हवाली केली जातात किंवा रस्त्यावर सोडली जातात. वास्तविक यातील बहुतेक वर्तन हे दोष नसून वाढीचा टप्पा असतो.

जबलपूरजवळील खमरिया ही दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उभ्या राहिलेल्या आयुध निर्माणीभोवतीची वसाहत आहे. २०२१ सालापासून ही निर्माणी म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीच्या अखत्यारीत आहे. दारूगोळ्याच्या चाचणीचे मैदानही याच परिसरात आहे. अशा ठिकाणी वाढणाऱ्या पिल्लाला मोठ्या आवाजांची सवय लहानपणीच होणे आवश्यक ठरते. पशुवैद्यकीय सेवेच्या दृष्टीने मात्र हे शहर सुदैवी आहे. येथील पशुवैद्यकीय महाविद्यालय १९४८ साली सुरू झाले आणि २००९ मध्ये शहरात नानाजी देशमुख पशुवैद्यकीय विज्ञान विद्यापीठाची स्थापना झाली.

उत्साह कोठून येतो?

लॅब्राडोर ही जात टिपलेली शिकार तोंडात धरून आणण्यासाठी घडवली गेली. महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटकातील कारवान किंवा मुधोळ कुत्रा सशासारख्या वेगवान प्राण्याचा पाठलाग करण्यासाठी जोपासला गेला. दोन खोल्यांच्या घरातही ही प्रवृत्ती नाहीशी होत नाही. त्यामुळे 'हे पिल्लू फार दांडगे आहे' ही तक्रार करण्यापूर्वी आपण कोणत्या कामासाठी घडलेली जात घरी आणली आहे, याचा विचार व्हायला हवा. पिल्लाचे वयही पाहावे. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लाची विक्री करता येत नाही. आई आणि भावंडांच्या सहवासातच पिल्लू जोरात न चावण्याचा पहिला धडा शिकते.

दोन घड्याळांची शर्यत

साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लाचा मेंदू नव्या गोष्टी सहजपणे स्वीकारतो. माणसे, मुले, वाहने, भोंगे, फटाके यांची ओळख या काळात न झाल्यास पुढे तोच कुत्रा भित्रा किंवा आक्रमक होण्याचा संभव असतो. दुसरीकडे, लसीकरण सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू होऊन सुमारे सोळाव्या आठवड्यापर्यंत चालते. आईकडून मिळालेली प्रतिपिंडे लसीचा परिणाम रोखू शकतात, म्हणून तीन ते चार आठवड्यांच्या अंतराने लस पुन्हा द्यावी लागते. म्हणजेच शिकण्याचा काळ संपत येतो, तेव्हाही संरक्षण पूर्ण झालेले नसते.

या काळातील मोठा शत्रू म्हणजे पार्व्हो. उलट्या, रक्तमिश्रित जुलाब आणि सुस्ती ही त्याची लक्षणे आहेत. उपचाराला एका दिवसाचा विलंबही जिवावर बेतू शकतो. हा विषाणू जमिनीत अनेक महिने टिकतो आणि साध्या फिनेलने मरत नाही. म्हणून लसीकरण पूर्ण होईपर्यंत भटकी कुत्री वावरतात अशा मैदानात पिल्लाला खाली सोडू नये. मात्र त्याला घरात कोंडूनही ठेवू नये. कडेवर घेऊन बाजार, रस्ता, फाटक दाखवावे. लस घेतलेल्या ओळखीच्या कुत्र्याची भेट घडवावी. मोठा आवाज होताच खाऊ द्यावा, म्हणजे आवाजाशी भीती न जोडता आनंद जोडला जातो.

चावणे, घाण आणि झोप

पिल्लाला २८ दुधाचे दात असतात. चौथ्या महिन्याच्या सुमारास ते पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत ४२ कायमचे दात येतात. हिरड्या शिवशिवत असल्याने पिल्लू दिसेल ते चावते. त्याला मारल्याने चावणे थांबत नाही, हाताची भीती मात्र बसते. दात लागताच खेळ थांबवून काही क्षण दुर्लक्ष करावे आणि चावण्यासाठी योग्य खेळणे द्यावे. हा नियम घरातील प्रत्येकाने पाळला, तरच त्याचा उपयोग होतो.

दोन महिन्यांचे पिल्लू दोन-तीन तासांहून अधिक काळ लघवी रोखू शकत नाही. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळानंतर त्याला ठरलेल्या जागी न्यावे व तेथे विधी केल्यावर लगेच शाबासकी द्यावी. घाणीत नाक घासण्याची प्रथा क्रूर आणि निरुपयोगी आहे.

पिल्लाला दिवसातून १८ ते २० तास झोप लागते. संध्याकाळी ते सैरावैरा धावते, तेव्हा अनेकदा त्याला अधिक व्यायामाची नव्हे, तर विश्रांतीची गरज असते. हाडे वाढत असताना लांब पल्ल्याची धाव आणि उंच उड्या टाळाव्यात. लपवलेला खाऊ वासाने शोधण्याचा खेळ त्याला चांगला दमवतो. जबलपूर किंवा विदर्भासारख्या भागात उन्हाळ्यात फेरफटका पहाटे आणि सूर्यास्तानंतरच मारावा.

रेबीजबाबत सावधानता

रेबीजची लस साधारण तीन महिन्यांच्या वयात दिली जाते. तोपर्यंत 'घरचेच पिल्लू आहे' म्हणून ओरखड्याकडे दुर्लक्ष करू नये. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. लक्षणे दिसू लागल्यानंतर हा आजार जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. जंतनाशक औषधही पशुवैद्यकाने सांगितलेल्या वेळापत्रकानुसार द्यावे. चॉकलेट, द्राक्षे, मनुका आणि कांदा हे पदार्थ कुत्र्यासाठी विषारी असल्याने पिल्लापासून दूर ठेवावेत.

सहा महिन्यांनंतर पौगंडावस्थेत अवज्ञेचा आणखी एक टप्पा येतो. पहिल्या महिन्यांत लावलेल्या सवयी तेव्हा उपयोगी पडतात. पुढील दहा-बारा वर्षांचा सहवास सुखाचा होणे बऱ्याच अंशी या सुरुवातीच्या संयमावर अवलंबून असते.