बॉक्स टर्टलचा पत्ता

कासव दिसलं की उचलून पाण्यात सोडायचं, ही आपल्याकडची पुण्याची कल्पना. न्यू जर्सी-व्हर्जिनियाकडच्या मराठी घरांच्या मागच्या अंगणात पावसानंतर उंच घुमटाचं, पिवळ्या-केशरी नक्षीचं, पाच-सहा इंचांचं कासव येतं, तेव्हाही हात तसेच सरसावतात. हे ईस्टर्न बॉक्स टर्टल. कुळ तळ्यातल्या कासवांचं, पण मुक्काम रानातल्या पालापाचोळ्यात. उकाड्यात ते डबक्यात बसून राहतं, पण पट्टीचं पोहणारं नव्हे. खोल तळ्यात टाकलं तर ते त्याच्या जिवावर बेतू शकतं.

‘मग दूरच्या मोठ्या जंगलात सोडू’ हा त्याहून शहाणा दिसणारा, आणि माझ्या मते सगळ्यांत घातक गैरसमज. मेरिलँडमधल्या पटक्सेंट इथे ल्युसिल स्टिकेल यांनी १९४०च्या दशकात या कासवांचा माग काढला. युक्ती साधी होती. कासवाच्या पाठीवर दोऱ्याचं रीळ बसवायचं. ते चालू लागलं की झुडपांतून, ओंडक्यांना वळसे घालत दोरा सुटत जायचा. मग दोऱ्यामागोमाग जाऊन त्याची सगळी वाट नकाशावर उतरवायची. दिसलं असं, की बहुतेक प्रौढ कासवं सरासरी शंभरेक मीटर व्यासाच्या तुकड्यातच वावरतात, आणि वर्षानुवर्षं तोच तुकडा धरून राहतात. काही भटकी निघाली, पण थोडी. बेरी कुठे पिकतात, ओल कुठे टिकते, हिवाळ्यात कुठे गाडून घ्यायचं, हे सगळं त्या तुकड्यातलं. दूर नेलेलं कासव पुष्कळदा परतीची वाट शोधत भटकत राहतं, आणि त्या वाटेत मोटारी असतात.

कवच म्हणजे काढून ठेवता येणारं घर, ही कार्टूनची कृपा. बरगड्या आणि पाठीचा कणा कवचातच जुळलेले असतात. ते जिवंत हाड आहे, त्याला स्पर्श कळतो. ओळखीसाठी त्यावर रंग फासण्याची हौस म्हणूनच टाळावी. खरी करामत पोटाकडे आहे. तिथल्या कवचाला आडवी बिजागरी असते. पुढचा-मागचा भाग वर ओढून प्रौढ कासव स्वतःला जवळपास फट न ठेवता बंद करून घेतं. पिल्लांना हे जमत नाही, बिजागरी तयार व्हायला काही वर्षं जातात. (नराचे डोळे बहुधा लालभडक असतात. तो आजार नव्हे!)

कवचावरची वलयं मोजून वय सांगणारेही भेटतात. कोवळ्या वयात अंदाज बरा लागतो, पुढे वलयं दाटतात आणि झिजतात. पन्नाशी गाठणं या कासवांना नवलाचं नाही. शंभरी ओलांडल्याच्याही नोंदी आहेत.

‘शाकाहारी, बिचारं’ हेही अर्धसत्य. गोगलगायी, गांडुळं, किडे, फळं, सगळं चालतं. माणसाला विषारी ठरणाऱ्या अळंब्याही ते पचवतं, आणि अशा कासवाचं मांस खाऊन माणसं आजारी पडल्याच्या जुन्या नोंदी आहेत. थंडीत ते फार खोल जात नाही. शरीरातलं निम्म्याहून अधिक पाणी गोठूनही ते काही काळ तग धरतं, असं प्रयोगांत दिसलं आहे.

इतकं चिवट, मग एखादं घरी पाळलं तर काय बिघडलं? हिशेब इथे चुकतो. मादी वयात यायलाच पाच ते दहा वर्षं लागतात. एका वेळी अंडी चार-पाच, आणि त्यातली बरीचशी रॅकून उकरून खातात. एकदा मिळालेलं वीर्य ती तीन-चार वर्षं साठवून वापरू शकते खरी, तरी तिची जागा घेणारं एक प्रौढ कासव घडायला तिचं जवळजवळ सगळं आयुष्य खर्ची पडतं. पाळीव प्राण्यांच्या बाजारासाठी यांची उचल इतकी झाली, की १९९५पासून आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स कराराचे निर्बंध आले. रस्त्यात सापडलंच, तर त्याचं तोंड ज्या बाजूला असेल त्याच बाजूच्या कडेला नेऊन ठेवावं. मागे फिरवलं तर ते पुन्हा रस्त्यावर येतं.