मृगाच्या रात्रीचे गायक

थंड हवेच्या देशांत वसंत ऋतु आला, कीं तळ्याकाठचे बेडूक ओरडूं लागतात. आपल्या कोंकणांत व घाटावर वसंत हा कोरडा. म्हणून येथील बेडकांस मृगाच्या पावसाची वाट पाहावी लागते. तो एकदां मनासारखा कोसळला, म्हणजे ज्या खाचरांत काल धूळ उडत होती तेथून रात्रीं शेंकडों कंठांचा घोष उठतो. पुष्कळांस हा केवळ गोंगाट वाटतो. वस्तुतः त्यांत प्रत्येक जातीची हांक निराळी असते.

हांक मारणारा बहुधा नर असतो. त्या वेळीं त्याचें तोंड व नाकपुड्या मिटलेल्या असतात. फुप्फुसांतील हवा कंठांतून गळ्याखालच्या पातळ पिशवींत जाते, पिशवी फुगते, आणि तीच हवा पुन्हां आंत येते. ही हांक मादीसाठीं असते. अंधारांत आपल्या जातीचा नर कोठें आहे, हें तिला आवाजावरूनच कळतें.

कंगव्याच्या दातांवरून नख ओढल्यासारखी करकर ऐकूं आली, तर ती गवतांत लपलेल्या जेमतेम इंचभर बेडकाची समजावी. एवढ्या जिवांतून एवढा आवाज निघतो, हें पाहिल्यावांचून पटत नाहीं! लांकडावर कोणी टक्-टक् ठोकीत आहे असें वाटलें, तर तो झाडावरचा बेडूक. याची मादी पाण्यावर लोंबणाऱ्या फांदीस फेसाचें घरटें करून त्यांत अंडीं घालते. पिलें पुढें खालच्या पाण्यांत गळून पडतात. अंगावर फोड असलेल्या भेकाचा स्वर लांब व एकसुरी असतो.

सर्वांत भारदस्त आवाज मोठ्या बेडकाचा. एरवीं हा हिरवट-तपकिरी, परंतु या दिवसांत नर हळदीसारखा पिवळा होतो, व त्याच्या गळ्याच्या दोन्ही बाजूंस निळ्या पिशव्या फुगतात. हाच थाट त्याच्या जिवावर येतो. गोव्यांत व कोंकणांत कांहीं लोक दिवे घेऊन त्यास मांसासाठीं पकडतात. वन्य प्राण्यांच्या संरक्षणाचा कायदा १९७२ सालचा आहे. बेडकांच्या तंगड्यांची परदेशीं होणारी निर्यातही १९८७ सालीं बंद झाली. तरी ही शिकार सर्वस्वीं थांबलेली नाहीं. शिवाय ही जात पहिल्या पावसाच्या मोजक्या रात्रींतच अंडीं घालते. त्या रात्रीं पकडलेल्या जोडीबरोबर तिचीं हजारों अंडींही जातात, आणि शेतांतील किडे खाणारे तोंडही कमी होतें.

ऐकावयास जाणाऱ्या मुलांनीं वडील माणसाबरोबरच जावें. पायांत उंच बूट असावेत, कारण बेडकांमागें सापही येतात. विजेरीच्या कांचेवर तांबडें कापड बांधावें. पावलांची चाहूल लागतांच सारें खाचर एकदम चिडीचूप होईल. तेव्हां परत न फिरतां पांच-दहा मिनिटें स्तब्ध उभें राहावें. प्रथम दूरचा एखादा धीट गडी चांचपून पाहील, मग त्याच्या शेजारचा, आणि थोड्याच वेळांत तुमच्या पायांजवळचाही.